पाच स्टारची साक्ष

१

आमच्या सुनेला एक वाईट खोड आहे. पडद्यावर कोणी जीव ओतून काम केलं की तिला बाकीचं काही दिसत नाही. गोष्टीला शेंडाबुडखा नसला तरी चालतो. नायिकेच्या ओठाचा कोपरा योग्य वेळी थरथरला की मालविकाबाई विरघळल्याच. मग चार स्टार, कधीकधी साडेचार. आणि तिच्या स्टारना वजन आहे बरं का! दिवसा ती इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, पण तिचं परीक्षण वाचल्याशिवाय इथला मराठी माणूस सिनेमाचं तिकीट काढत नाही.

ही खोड तिला स्वतःलाही ठाऊक आहे, म्हणून तिने त्यावर उपाय शोधलाय. तो उपाय म्हणजे मी, तिची सासू लीलावती. लिहायला बसण्याआधी ती माझ्यापुढे मेथीची जुडी ठेवते आणि म्हणते, "आई, आता गोष्ट सांगा." मी सांगते. माझ्या सांगण्यात ना अभिनय, ना संगीत. तो आला, ती गेली, मग तो मेला, एवढंच. मागे एका सिनेमाला ती साडेचार देऊन बसली होती. सांगता सांगता मी विचारलं, "अगं, त्याचा भाऊ सुरुवातीलाच वारला ना? मग शेवटी लग्नात अक्षता कोण टाकत होता?" मालविकाने कपाळावर हात मारला आणि साडेचाराचे अडीच झाले.

त्या शनिवारी मात्र समोर मेथी नव्हती, आणि प्रकरण पडद्यावरचं नव्हतं.

मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळाने एका कम्युनिटी हॉलमध्ये लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. मालविका परीक्षक, आणि डबा माझ्याकडे म्हणून मी तिच्याबरोबर. त्या गावचे राउंडअबाउट, म्हणजे चौकाचौकातले गोल वळसे, घेता घेता मला गरगरायला लागलं होतं. पोचल्या पोचल्या मंडळाचे अध्यक्ष कमलाकरराव यांनी मला कामाला जुंपलं. सुरुवातीला नटराजपूजन होतं. मागच्या गणपतीत याच हॉलमध्ये कापूर पेटवला, फायर अलार्म कोकलायला लागला आणि अख्खं मंडळ आरती अर्धी टाकून कार पार्कात पावसात उभं राहिलं. तेव्हापासून हॉलवाल्यांनी काडी ओढायलाही बंदी घातली आहे. पूजेला प्लास्टिकच्या पणत्या होत्या, खाली बटण असलेल्या. ती बटणं दाबायचा मान वयाने मोठी म्हणून मला मिळाला. मी तो मुकाट्याने घेतला.

पूजा आटोपली, खुर्च्या सरकल्या आणि पहिली फिल्म सुरू होणार, एवढ्यात प्रोजेक्टरच्या खोलीतून एक तरुणी बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझा ड्राइव्ह गेला," ती म्हणाली. "माझा पूर्ण फिल्म त्यात होता."

२

ही अन्वी. साउथहॅम्प्टनला जन्मलेली, म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलणारी, तिथल्याच हॉस्पिटलात एक्सरे काढण्याची नोकरी करणारी. सुट्टीच्या दिवशी जमेल तसं शूटिंग करत तिने कित्येक महिने खपून एक फिल्म केली होती, 'शेवटचा राउंडअबाउट'. सत्तरीतली एक विधवा मिल्टन कीन्समध्ये गाडी चालवायला शिकते, अशी गोष्ट. लंडनच्या एका चित्रपट वितरण कंपनीतली तनू नावाची मुलगी खास तीच फिल्म बघायला आली होती. आवडली तर फिल्म मोठ्या सिनेमाच्या आधी देशभरच्या थिएटरांत लागणार होती. तनूला संध्याकाळच्या ट्रेनने परतायचं होतं. फिल्मची दुसरी कॉपी अन्वीच्या घरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे साउथहॅम्प्टनला. ती आणेपर्यंत सगळा खेळ आटोपला असता.

चोरीची वेळ उघड होती. पूजेआधी अन्वीने ड्राइव्ह प्रोजेक्टरच्या टेबलावर ठेवला होता. प्रोजेक्टर सांभाळणारा प्रणव पूजेसाठी माइक लावायला स्टेजवर गेला आणि खोली उघडी राहिली. पूजा संपल्यावर ड्राइव्ह गायब. दारात केअरटेकर उभा होता, बाहेरचं कोणी आत आलं नव्हतं. प्रेक्षक पुढच्या रांगांत एकमेकांना खेटून बसले होते. ज्यांच्यावर कोणाची नजर नव्हती अशी तिघंच उरली: प्रणव, स्वतः अन्वी आणि तिच्या फिल्मची नायिका निवेदिताताई.

निवेदिताताई म्हणजे पुण्याच्या रंगभूमीवर एकेकाळी नाव गाजवलेल्या. आता लेकीजवळ साउथहॅम्प्टनला असतात. त्या पुढे आल्या आणि अन्वीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नकोस, राणी. तू मला जुनी आवृत्ती पाठवली होतीस ना? ती आहे माझ्याकडे. तीच दाखवू या."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कमलाकरराव तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण अन्वीने मान हलवली.

"नाही. ते नको. नवीन एडिट वेगळा आहे. ते जुना माझा फिल्म नाही."

"अगं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं!"

"नाही," अन्वी म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

कमलाकररावांनी मालविकाला बाजूला घेतलं. "तुम्ही परीक्षक, तटस्थ. तुम्हीच छडा लावा. पण मी सांगू का? फिल्म पूर्णच झाली नसणार. तनूसमोर फजिती नको म्हणून हिनेच ड्राइव्ह लपवलाय. शेवटच्या खेळापर्यंत मिळाला नाही, तर मला हे स्टेजवरून जाहीर सांगावं लागेल."

तसं झालं असतं तर ती फिल्म तर गेलीच असती, पण त्या पोरीला पुन्हा कुठल्या मराठी माणसाने दारात उभं केलं नसतं.

३

हॉलच्या किचनमध्ये, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी मालविकाने एकेकाला बोलावलं. मी कप विसळण्याचं निमित्त करून तिथेच राहिले.

प्रणव आधी आला. नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब.

"माइक लावल्यावर कुठे होतास?"

"बाहेर, मॅम. फोनवर बोलून राहिलो होतो."

"कोणाशी?"

"ते पर्सनल आहे ना, मॅम." त्याने दाराबाहेर उभ्या कमलाकररावांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ड्राइव्हचं खरंच माहीत नाही. सकाळी तर बरोबर चालला. साउंड टेस्टला मी फिल्मचा शेवटचा सीन लावला होता. निवेदितामॅम पण होत्या. बघितला आणि 'छान' म्हणून निघून गेल्या."

मग अन्वी. ती खुर्चीच्या टोकावर ताठ बसली आणि स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलायला लागली.

"मी ड्राइव्ह टेबलवर ठेवला. मग पूजाला गेला. मी मागे उभा होतो, दाराजवळ. आजींनी बटण दाबला. एक दिवा नाही लागला. परत दाबला. मग पूजा संपला. मी आत गेला. ड्राइव्ह नव्हता."

"तुला कोणी पाहिलं तिथे?"

"माहीत नाही."

"तुला राग नाही येत? वाईट नाही वाटत?"

"वाटतं," अन्वी म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझी पणती दोनदा दाबावी लागली हे मात्र बाईसाहेबांनी बरोबर टिपलं होतं! मला जरा रागच आला.

सगळ्यात शेवटी निवेदिताताई. त्या बसल्या, खांद्यावरची झोळी मांडीवर घेतली, पदर सावरला, आणि त्या किचनचं किचनपण गेलं.

"मी शेवटच्या रांगेच्या मागे, अंधारात होते," त्या हळूच म्हणाल्या. "पुढे समई तेवत होती. त्या ज्योतीत नटराजाचा चेहरा क्षणात हसरा, क्षणात उग्र. कापराचा वास आला आणि..." इथे त्या थांबल्या. खालचा ओठ किंचित थरथरला. "आणि मी एकदम चाळीस वर्षं मागे गेले. माझा पहिला प्रयोग. आई विंगेत उभी होती. आरतीचं तबक फिरत माझ्यापर्यंत आलं, मी ज्योतीवर हात धरले, तळव्यांना ऊब लागली, तसं वाटलं, आईनेच हात हातात घेतलेत." डाव्या डोळ्यातून एकच थेंब गालावर उतरला. "अशा वेळी खोलीत कोण शिरलं, मला कसं दिसणार हो?"

मालविकाने डोळे पुसले. माझ्या हातातला कप तसाच राहिला आणि नळ वाहत होता. खोटं कशाला बोलू, मलाही माझी आई आठवली.

निवेदिताताई गेल्यावर मालविका उठली आणि म्हणाली, "कमलाकररावांचं बरोबर आहे, आई. अन्वीचं एकही वाक्य आतून आलं नाही. ड्राइव्ह तिनेच लपवलाय. मी त्यांना तसं सांगून येते."

४

मी तिला आधी गाडीत नेलं. उपाशीपोटी कोणावर आळ घेऊ नये असं माझं मत आहे. डबा उघडला, थालीपीठ तिच्या हातात दिलं आणि तिचा मूड हलका करायला विचारलं, "काय मग परीक्षकबाई, किती किती स्टार?"

"निवेदिताताईंना पाच," ती घास तोडत म्हणाली. "काय तो पॉज! प्रणवला अडीच, नुसता घाम. अन्वीला एक. संवादफेक सपाट, चेहरा कोरा..."

घास हातातच थांबला.

"आई, मी काय करतेय?"

"काय?"

"मी साक्षींना स्टार देतेय! कोण खरं बोललं ते मी बघितलंच नाही, कोण चांगलं बोललं तेवढं बघितलं." तिने थालीपीठ डब्यात ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "आई, गोष्ट सांगा. निवेदिताताईंची."

"आत्ता? इथे?"

"तुमच्या पद्धतीने. ती आली, ती गेली."

मी घसा साफ केला. "बरं. ती शेवटच्या रांगेमागे उभी होती. पुढे समई लागली होती. कापूर पेटवला. आरतीचं तबक फिरलं. तिने ज्योतीवर हात धरले, हात गरम झाले, तिला आई आठ..."

माझी जीभ अडखळली. मी मालविकाकडे बघितलं, मालविका माझ्याकडे.

"अगं, कुठली ज्योत?" मी ओरडलेच. "पणत्या तर प्लास्टिकच्या होत्या! मीच तर बटणं दाबली! तबक फिरलंच नाही!"

"तुम्ही दाबलीत, मी समोर बसून बघितली, आणि तरी त्या किचनमध्ये आपल्या दोघींना कापराचा वास आला." मालविका हसायला लागली. राग, लाज आणि आनंद एकदमच तिच्या चेहऱ्यावर आला. "बाई पूजेला नव्हत्याच, आई. पूजा म्हणजे समई, कापूर, तबक असणारच, असं धरून त्यांनी प्रसंग रचला. मिल्टन कीन्सच्या माणसाकडून मागच्या गणपतीनंतर ही चूक झाली नसती. त्या साउथहॅम्प्टनच्या, त्यांना ते ठाऊकच नाही."

"अन्वीही साउथहॅम्प्टनचीच ना?"

"हो! पण तिने बटण सांगितलं. पहिल्यांदा न लागलेली पणतीसुद्धा सांगितली. ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं. आपल्याला वाईट अभिनय दिसला, खरं ऐकूच आलं नाही."

"आणि तो घामट प्रणव?"

"त्याने पूजा बघितली असं म्हटलंच नाही. चला, त्याला गाठू."

प्रणव कार पार्कातच सापडला. मालविकाने सरळ विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. पूजेच्या सबंध वेळात तो एका नव्या कंपनीशी नोकरीचं बोलत होता. ऑफिसात त्याचे साहेब कमलाकरराव! घाम त्या भीतीचा होता. मालविकाने त्याला सांगितलं की हे कोणाला कळणार नाही, आणि मग आणखी एकच प्रश्न विचारला.

"सकाळी शेवटचा सीन लावलास, त्यात निवेदिताताई काय बोलतात?"

"काहीच नाही, मॅम," प्रणव म्हणाला. "नुसत्या बसून राहतात."

५

जुन्या आवृत्तीच्या शेवटी काय होतं ते अन्वीला विचारून घेऊन चहाच्या सुट्टीत मालविका स्टेजसमोर गेली आणि हात जोडून म्हणाली, "निवेदिताताई, पूजेच्या वेळचं जे मला सांगितलंत ते मंडळींनीही ऐकावं असं वाटतं. सांगाल?"

नटाला असं आमंत्रण म्हणजे काय विचारता! ताई उठल्या, पदर सावरला. "मी शेवटच्या रांगेच्या मागे, अंधारात होते. पुढे समई तेवत होती..."

शब्दाला शब्द तोच. 'आणि'नंतर तोच पॉज, तोच थरथरता ओठ. तळव्यांना ऊब लागली आणि डाव्या डोळ्यातून तोच एक थेंब, त्याच जागी. खरी आठवण दुसऱ्यांदा सांगताना माणूस कुठेतरी चुकतो, काहीतरी विसरतो. इथे सगळं पाठ होतं.

यावेळी मी मुद्दाम लोकांकडे बघत होते. आधी डोळे ओले झाले. मग मधल्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग दोघातिघांनी भुवया उंचावल्या. ताई थांबल्या तेव्हा टाळी वाजली नाही.

"आई," मालविका म्हणाली, "जरा दिवा लावता?"

मी नटराजापुढची प्लास्टिकची पणती उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि बटण दाबलं. टक्. लागली नाही. पुन्हा दाबलं, लागली.

"हीच ज्योत," मालविका म्हणाली. "या हॉलमध्ये काडीसुद्धा ओढता येत नाही. ताई, तुम्ही पूजेला नव्हता. तुम्ही प्रोजेक्टरच्या खोलीत होता. जुन्या आवृत्तीच्या शेवटी तुमचं लांबलचक स्वगत आहे. सकाळी साउंड टेस्टला तुम्हाला कळलं की अन्वीने ते कापलंय. ड्राइव्ह नाहीसा झाला की जुनी आवृत्ती लागणार, आणि ती तुमच्याकडे होतीच. मी अभिनयाला भुलते हेही गावाला माहीत आहे. परीक्षकासमोर स्वगत व्हायलाच हवं होतं."

कमलाकररावांचं तोंड उघडं राहिलं. निवेदिताताई काही क्षण ताठ उभ्या होत्या. मग खाली बसल्या, आणि त्या बसण्यात मात्र काही अभिनय नव्हता. झोळीत हात घालून त्यांनी काळा ड्राइव्ह बाहेर काढला.

"इथल्या कालव्यात टाकणार होते," त्या पुटपुटल्या. "हात धजेना. त्यात मीच आहे ना." मग अन्वीकडे वळल्या. "पण का गं? माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते. विचारलंसुद्धा नाहीस."

"विचारायला भीती वाटला," अन्वी म्हणाली. त्याच सपाट आवाजात, पण आता सगळा हॉल कान देऊन ऐकत होता. "ते खूप सुंदर होतं, मावशी. म्हणून कापला. लोक तुम्हाला बघत होते. ती बाई कोणाला दिसत नव्हती."

मालविकाने मान खाली घातली. ते वाक्य ताईंना होतं, पण लागलं आमच्या सुनेलाही.

६

शेवटचा खेळ अन्वीच्या फिल्मचा झाला, तिच्या नव्या एडिटचा.

गोष्ट साधीच. बाई शिकते, चुकते, नापास होते, पुन्हा शिकते. शेवटच्या सीनमध्ये ती एकटी गाडी घेऊन निघते, राउंडअबाउट नीट पार करते, पुढे कडेला थांबते. आणि बसून राहते. काही बोलत नाही, रडत नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर कोणाची तरी वाट बघावी तसं एकदा बघते, मग इंडिकेटर लावते आणि पुन्हा रस्त्याला लागते. बस्स.

हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो थांबेना. माणसं उभी राहिली, खुर्च्या मागे पडल्या. प्रणवने शिट्टी मारली. तनूची ट्रेन केव्हाच सुटली होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती. ती अन्वीचे दोन्ही हात धरून सांगत होती, "ही फिल्म मला हवी. सगळीकडे लावते, साउथहॅम्प्टनपासून वरपर्यंत." ज्या पोरीच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, ती भोकाड पसरून रडत होती आणि मधूनच हसत होती.

कमलाकररावांनी माइक घेतला आणि जाहीर माफी मागितली. नीट मागितली, पुटपुटून नाही, हे कबूल करायला हवं. मग त्यांनी निकालासाठी मालविकाला बोलावलं.

"सर्वोत्कृष्ट चित्रपट, 'शेवटचा राउंडअबाउट'," मालविका म्हणाली. पुन्हा कडकडाट. तो ओसरेपर्यंत ती थांबली. "सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, निवेदिताताई."

कमलाकरराव माइक हाताने झाकून म्हणाले, "अहो, त्यांनी आज चोरी केली!"

"केली," मालविकाने माइक आपल्याकडे ओढून घेतला. "आणि मला फसवलंही. त्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. पण आत्ता त्या पडद्यावर ताई मला दिसल्याच नाहीत. एक बाई दिसली, गाडी चालवणारी. आजवर मी ज्या कामांना स्टार वाटले, त्यातली कितीतरी त्या किचनमधल्या साक्षीसारखी होती. हे काम तसं नाही. बक्षीस या कामाला आहे, आणि ते ओळखायला मला आज अन्वीने शिकवलं."

निवेदिताताई जागच्या हलेनात. पदराने तोंड झाकून बसून राहिल्या. शेवटी अन्वीच स्टेजवरून खाली आली, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना अक्षरशः ओढत वर घेऊन गेली. माइक समोर आला. उभं आयुष्य शब्दांवर काढलेली बाई, पण त्यांना एक शब्द सुचेना. त्यांनी अन्वीसमोर हात जोडले. अन्वीने ते धरून खाली केले आणि त्यांना घट्ट मिठी मारली.

मग काय, सगळा हॉल पुन्हा उभा राहिला. मीही उभी राहिले, गुडघे दुखत होते तरी. तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. स्टेजच्या कडेला मालविका एकटी उभी होती, डोळे पुसत आणि हसत. मी शेजारच्या अनोळखी बाईंना कोपर मारलं.

"ती बघितलीत?" मी म्हटलं. "ती माझी सून."